उत्तर टोकांपाशी असतं

गणितात ० = १ हे तीन ओळींत ‘सिद्ध’ करता येतं. १/क्ष या फंक्शनचं इंटिग्रेशन करायचं आहे असं धरा आणि बाय पार्ट्सचा नियम लावा. पहिलं फंक्शन १/क्ष, दुसरं नुसतं १. दुसऱ्याचं इंटिग्रल क्ष, म्हणून पहिलं पद (१/क्ष) × क्ष, म्हणजेच १. आता पहिल्याचा डेरिव्हेटिव्ह −१/क्ष². त्याला क्ष ने गुणा, त्याचं इंटिग्रल वजा करा. वजा-वजा अधिक होऊन ओळ अशी येते:

∫ १/क्ष = १ + ∫ १/क्ष

दोन्ही बाजूंचं सारखं इंटिग्रल काढून टाकलं की उरतं ० = १.

बारावीचं पुस्तक हातात असलेल्या कुणालाही यातली एकही पायरी चुकीची वाटणार नाही, आणि पायऱ्या खरोखरच नियमाला धरून आहेत. अडचण शेवटच्या काटाकाटीत आहे. लिमिट्स नसलेलं इंटिग्रल म्हणजे कुठली एक राशी नव्हे. एकमेकांपासून ठराविक संख्येने वेगळी असलेली कितीतरी फंक्शनं त्या एका चिन्हाखाली उभी असतात. डावीकडचं आणि उजवीकडचं चिन्ह दिसायला सारखं असलं, तरी त्यांच्यात १ चा फरक असायला काहीच हरकत नाही. शेवटी लिहायचा तो ‘अधिक सी’ याचसाठी असतो.

आता तेच गणित लिमिट्स घालून करा. क्ष २ पासून ५ पर्यंत जातो म्हणू. आता इंटिग्रल ही एक पक्की संख्या झाली, तिची काटाकाट बिनधास्त करता येते. मग ० = १ व्हायला हवं. पण पहिल्या पदाकडे पाहा. ते पद १ आहे, आणि आता त्यालाही लिमिट्स लागतात: ५ पाशी त्याची किंमत १, २ पाशी त्याची किंमत १, वजाबाकी ०. ओळ अशी होते:

∫ १/क्ष = ० + ∫ १/क्ष

ज्या १ मुळे अख्खं गणित कोसळत होतं, तोच १ दोन्ही टोकांना किंमत विचारल्याबरोबर नाहीसा होतो. डेफिनिट इंटिग्रलमध्ये बाय पार्ट्स बरोबर कसं वापरायचं, याचं सगळं मर्म या एका वजाबाकीत आहे. चौकोनी कंसातलं ते पद आपण घाईघाईत मागे टाकून पुढे जातो. खरं तर गणिताचं मोठं वैभव त्या कंसातच साठवलेलं आहे.

गुणाकाराचा बदल

बाय पार्ट्सचा हा नियम येतो तरी कुठून? त्याचं मूळ १६७५ च्या शरद ऋतूत, पॅरिसमध्ये राहणाऱ्या गॉटफ्रीड लायब्निट्स या जर्मन तरुणाच्या कागदांत सापडतं. त्या वर्षी २९ ऑक्टोबरच्या टिपणात त्याने ∫ हे चिन्ह पहिल्यांदा वापरलं. पुढे ११ नोव्हेंबरला त्याने स्वतःलाच एक प्रश्न विचारला: दोन राशींच्या गुणाकारातला सूक्ष्म बदल म्हणजे त्या दोघींच्या सूक्ष्म बदलांचा गुणाकार का? तसं वाटतं खरं, पण नाही, हे त्याला त्याच टिपणात कळलं. खरा नियम आज शाळकरी मुलांनाही पाठ असतो. प आणि फ या दोन फंक्शनांचा गुणाकार बदलतो तो दोन वाटांनी: प बदलतो तेव्हा फ तसाच धरून, आणि फ बदलतो तेव्हा प तसाच धरून. म्हणजे बदलाचा दर प′·फ + प·फ′. हा नियम लायब्निट्सने १६८४ मध्ये छापून जगासमोर ठेवला.

आता अ पासून ब पर्यंतचे हे सगळे बदल एकत्र मिळवा. गाडीचं मीटर पाहणाऱ्याला वाटेतलं प्रत्येक वळण मोजावं लागत नाही. पोहोचल्यावरचा आकडा वजा निघतानाचा आकडा, एवढ्यात एकूण अंतर मिळतं. तसंच इथे. प·फ या गुणाकाराचे सगळे लहान-लहान बदल मिळवले की येते ती फक्त ब पाशी असलेली किंमत वजा अ पाशी असलेली किंमत. ही वजाबाकी चौकोनी कंसाने दाखवतात. बाजू फिरवून लिहिलं की नियम तयार:

∫ (अ ते ब) प·फ′ = [प·फ] (अ ते ब) − ∫ (अ ते ब) प′·फ

यात लिमिट्स तीन ठिकाणी आहेत, आणि एकही जागा सोडून चालत नाही. इंटिग्रेशन बाय पार्ट्स हे तंत्र छापील रूपात आणण्याचं श्रेय सहसा इंग्लंडच्या ब्रूक टेलरला, त्याच्या १७१५ च्या ग्रंथासाठी देतात. ते वापरताना बऱ्याच चुका होतात त्या मधल्या कंसात. कुणी कंस लिमिट्सविना तसाच ठेवतं, मग संख्या यायला हवी तिथे उत्तरात क्ष शिल्लक राहतो. कुणी फक्त वरची लिमिट घालतं, कारण खालची ० दिसते आणि ० घातल्यावर ० च येणार असं हाताला वाटतं. पण ई^क्ष मध्ये ० घातलं तर १ येतो, कोसाइनमध्ये घातलं तरी १.

क्ष·ई^क्ष याचं ० ते १ इंटिग्रल घ्या. (ई ही संख्या साधारण २.७१८.) प = क्ष, फ = ई^क्ष. कंसाची किंमत १ पाशी ई, ० पाशी ०, म्हणून ई. त्यातून ई^क्ष चं ० ते १ इंटिग्रल वजा करायचं, ते आहे ई − १. उत्तर ई − (ई − १) = १. आत घातांकी फंक्शन, क्ष चा गुणाकार, आणि बाहेर निखळ १. खालची लिमिट विसरणाऱ्याला मात्र ई − ई = ० मिळेल. ते चूक आहे हे एका नजरेत कळायला हवं: ० आणि १ च्या दरम्यान फंक्शन सगळीकडे धन आहे, मग त्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं असेल?

कंस म्हणजे आयत

कंसातल्या पदाला आकार आहे, तो काढून पाहता येतो.

कागदावर नैसर्गिक लॉगचा आलेख काढा, १ पासून ई पर्यंत. क्ष = १ असताना उंची ०, क्ष = ई असताना उंची १. या वक्राखालचं क्षेत्रफळ किती? आता मूळबिंदूपासून एक आयत काढा, रुंदी ई आणि उंची १. त्याचा वरचा उजवा कोपरा नेमका वक्राच्या शेवटच्या बिंदूवर बसतो. वक्र या आयताचे दोन तुकडे करतो. खालचा उजवा तुकडा म्हणजे आपल्याला हवं असलेलं क्षेत्रफळ. वरचा डावा तुकडा कोणता? मान तिरकी करून उभ्या अक्षाच्या बाजूने पाहा. तिथून तोच वक्र ई च्या घाताचा आलेख दिसतो, ० पासून १ पर्यंत. त्याचं क्षेत्रफळ ई − १. अख्खा आयत ई, त्यातून ई − १ गेले, उरला १.

हेच बाय पार्ट्सने करा. प = लॉग, फ = क्ष. कंस: [क्ष·लॉग क्ष], ई पाशी ई, १ पाशी ०. म्हणजे ई. हा तो आयतच! आणि वजा होणारं इंटिग्रल हा वरचा डावा तुकडा. सूत्रातलं प्रत्येक पद कागदावर बोट ठेवून दाखवता येतं. वक्र खालच्या टोकाला अक्षावर नसून वर कुठेतरी सुरू होत असेल, तर तिथेही एक छोटा आयत तयार होतो आणि मोठ्यातून तो वजा करावा लागतो. खालची लिमिट विसरणं म्हणजे तो छोटा आयत वजा करायचा राहून जाणं. चित्र डोळ्यांसमोर असलं की ही चूक होत नाही.

मोकळीक

लिमिट्स आल्या की एक मोकळीकही मिळते आणि तिचा फायदा फार कमी विद्यार्थी घेतात. फ′ पासून फ काढताना त्यात कोणतीही ठराविक संख्या मिळवली तरी उत्तर बदलत नाही. फ च्या जागी फ + क घ्या: कंसात क × (प चा एकूण फरक) वाढतो, आणि वजा होणाऱ्या इंटिग्रलमध्येही नेमकं तेवढंच वाढतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे क आपल्या सोयीने निवडावा.

क्ष × टॅन इन्व्हर्स क्ष, ० ते १. क्ष चं इंटिग्रल सवयीने क्ष²/२ घेतलं तर पुढे क्ष²/(१ + क्ष²) असा अपूर्णांक येतो आणि त्याची फोड करत बसावं लागतं. त्याऐवजी (क्ष² + १)/२ घ्या. टॅन इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह १/(१ + क्ष²), म्हणून गुणाकार साफ होऊन फक्त १/२ उरतो. कंस: १ पाशी पाय/४, ० पाशी ०. उत्तर पाय/४ − १/२, एका ओळीत.

कोणतं फंक्शन पहिलं घ्यायचं यासाठी वर्गावर्गात ‘लायेट’ शिकवतात: आधी लॉग, मग इन्व्हर्स, मग बीजगणिती, मग त्रिकोणमितीय, शेवटी घातांकी. १९८३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या नियतकालिकात हा क्रम मांडला गेला आणि तो उपयोगीच आहे. पण निवड तिथे संपत नाही. दुसऱ्या फंक्शनचं इंटिग्रल कोणत्या संख्येपासून मोजायचं, हीसुद्धा आपलीच निवड असते.

ही निवड किती दूर नेते पाहा. ब पाशी फंक्शनची किंमत वजा अ पाशी किंमत, हा फरक म्हणजे त्याच्या डेरिव्हेटिव्हचं अ ते ब इंटिग्रल. त्या डेरिव्हेटिव्हला नुसत्या १ ने गुणलेलं समजा आणि बाय पार्ट्स लावा. १ चं इंटिग्रल क्ष न घेता क्ष − ब घ्या. वरच्या टोकाला ते शून्य होतं. कंसात उरतं (ब − अ) × अ पाशी असलेला डेरिव्हेटिव्ह. उरलेल्या इंटिग्रलवर हीच युक्ती पुन्हा करा, दुसरा डेरिव्हेटिव्ह (ब − अ)²/२ घेऊन बाहेर पडतो. पुन्हा करा, तिसरा. ही आहे टेलरची श्रेढी, जिच्या आधाराने साइन, लॉग, घातांक यांच्या किमती हव्या तितक्या अचूक काढता येतात. शिवाय शेवटी उरलेलं इंटिग्रल हातात असल्यामुळे आपली चूक किती, तेही कळतं. हे सगळं क्ष ऐवजी क्ष − ब लिहिल्याने साधलं.

उडी आणि तळ

या मोकळिकीला एक अट आहे. वाटेत फंक्शनने कुठेही उडी मारता कामा नये.

टॅन इन्व्हर्स (१/क्ष) याचं −१ ते १ इंटिग्रल काढायचं आहे. फंक्शन विषम आहे, डावीकडचं ऋण क्षेत्रफळ उजवीकडच्या धन क्षेत्रफळाएवढंच, म्हणून उत्तर ० हे आधीच दिसतं. आता बाय पार्ट्सने करा. १ चं इंटिग्रल क्ष घेतलं तर ० येतं. क्ष + १ घेतलं तर कंसातून पाय/२, पुढच्या इंटिग्रलमधून आणखी पाय/२, एकूण पाय! एकच गणित, एकच नियम, क चा फरक, आणि दोन उत्तरं. मघाशी तर म्हटलं की क ने काही बिघडत नाही.

बिघडलं ते ० पाशी. क्ष ऋण बाजूने शून्याकडे येताना हे फंक्शन −पाय/२ ला जातं आणि शून्य ओलांडताच +पाय/२ वर असतं. मध्ये पाय एवढी उडी आहे. डेरिव्हेटिव्हला ही उडी दिसतच नाही, तो दोन्ही बाजूंना सरळ −१/(१ + क्ष²) एवढाच दिसतो. म्हणून दोन टोकांची वजाबाकी आणि वाटेतल्या बदलांची बेरीज यांचा मेळ बसत नाही. पहिल्या वेळी बरोबर उत्तर आलं कारण उडीच्या ठिकाणी फ = क्ष नेमका शून्य होता. उपाय साधा आहे: ० पाशी वाट तोडा. −१ ते ० आणि ० ते १ असे दोन भाग करा, प्रत्येकाची दोन्ही टोकं स्वतंत्रपणे तपासा. आता क काहीही घ्या, बेरीज ० च येते. टोकं किती, हे फक्त दिलेल्या लिमिट्सवरून ठरत नाही. उडी जिथे असेल तिथेही एक टोक असतं.

दुसरी काळजी घ्यावी लागते ती टोकालाच फंक्शन अनंताकडे जातं तेव्हा. लॉग क्ष, ० ते १. कंस [क्ष·लॉग क्ष]. १ पाशी ०, पण ० पाशी? तिथे लॉगची किंमतच नाही. ‘० ने गुणलं म्हणजे ०’ असं म्हणून सुटता येत नाही. टोकाला किंमत घालण्याऐवजी टोकाच्या जवळ जात राहावं लागतं. क्ष = ०.०१ असताना गुणाकार सुमारे −०.०४६. क्ष = ०.०००१ असताना −०.०००९२. क्ष = ०.०००००१ असताना −०.००००१४. लॉग खोल खोल जात असतो, पण क्ष त्याहून झपाट्याने लहान होतो. लिमिट ०. कंस शून्य, उरलं वजा १ चं इंटिग्रल, उत्तर −१. अनंत खोल उतरणाऱ्या वक्राने अडवलेलं क्षेत्रफळ नेमकं एक चौरस एकक भरतं.

ऑयलरचं पत्र

या −१ च्या पोटात एक मोठा शोध आहे. चिन्ह बदलून −लॉग क्ष घ्या म्हणजे उत्तर १. आता त्याचा वर्ग घ्या आणि ० ते १ इंटिग्रल करा. कंसाची दोन्ही टोकं पुन्हा शून्य, आणि बाहेर २ येऊन मागचंच इंटिग्रल उरतं: २ × १. घन घेतला तर ३ × २ × १. चौथ्या घाताला २४. न घाताला न!, म्हणजे न फॅक्टोरियल. मोजणीतून आलेली, पूर्ण संख्यांचीच वाटणारी ही राशी एका वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणून समोर उभी राहते.

१७३० च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमधून लेओनहार्ड ऑयलरने क्रिस्टियान गोल्डबाखला पत्र लिहिलं, त्यात फॅक्टोरियलचं हेच इंटिग्रल होतं. ऑयलर तेव्हा २२ वर्षांचा होता. प्रश्न असा होता की १, २, ६, २४ या पायऱ्यांच्या मधल्या जागांवर काय असेल? अर्ध्याचा फॅक्टोरियल किती? मोजणीत या प्रश्नाला अर्थ नाही. अर्ध्या वस्तूंची मांडणी कुणी करत नाही. पण इंटिग्रलमध्ये घात अर्धा घ्यायला कोण अडवतं? उत्तर येतं √पाय भागिले २, सुमारे ०.८८६. वर्तुळाचा पाय फॅक्टोरियलमध्ये! न! = न × (न − १)! हा शाळेतला नियम अपूर्णांकांनाही लागू पडतो, कारण बाय पार्ट्सला न पूर्ण आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याची अट एवढीच, की कंस दोन्ही टोकांना शून्य व्हावा.

साइनच्या घातांतही असंच घडतं. साइनचा न घात, ० ते पाय/२. एक साइन बाजूला काढून बाय पार्ट्स लावा. कंसात साइन आणि कोसाइन यांचा गुणाकार येतो. ० पाशी साइन शून्य, पाय/२ पाशी कोसाइन शून्य. कंस गेला, आणि थोड्या मांडणीनंतर उरतं: न घाताचं इंटिग्रल म्हणजे (न − १)/न गुणिले न − २ घाताचं. दोन-दोनने खाली उतरत जा. सम घात पाय/२ वर येऊन थांबतात, विषम घात १ वर. घात मोठा होत जातो तसतशी शेजारच्या सम आणि विषम इंटिग्रलांचं गुणोत्तर १ ला येऊन मिळतं, आणि त्यातून हे निघतं:

पाय/२ = (२/१) × (२/३) × (४/३) × (४/५) × (६/५) × (६/७) × …

सगळे साधे अपूर्णांक, सम-विषम संख्यांचे. हा गुणाकार ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसने १६५६ च्या ग्रंथात दिला होता. तेव्हा लायब्निट्स दहा वर्षांचा होता आणि बाय पार्ट्सचा नियम अस्तित्वात नव्हता. वॉलिसला संख्यांच्या तक्त्यांतून, मधल्या रिकाम्या जागा अंदाजाने भरत भरत तिथवर जावं लागलं. आज तोच प्रवास बारावीचा विद्यार्थी अर्ध्या पानात करू शकतो.

एकोणीस वर्षांचा लाग्रांज

१२ ऑगस्ट १७५५ रोजी इटलीतल्या तुरिनमधून एका १९ वर्षांच्या मुलाने बर्लिनला ऑयलरला पत्र धाडलं. मुलाचं नाव जोसेफ-लुई लाग्रांज. प्रश्न जुना होता: दोन बिंदू ठरलेले असताना त्यांना जोडणाऱ्या असंख्य वक्रांमधून, एखादी राशी सर्वांत कमी करणारा वक्र कसा शोधायचा? ऑयलरने १७४४ च्या ग्रंथात यासाठी वक्राचे बारीक तुकडे करून भौमितिक वाट काढली होती. लाग्रांजने वक्र किंचित हलवून पाहिला आणि बाय पार्ट्स वापरलं. हलवण्याचा डेरिव्हेटिव्ह जिथे होता, तिथून तो दुसऱ्या फंक्शनवर सरकवला. कंसात उरलं ते टोकांपाशी झालेलं हलणं. पण टोकं तर बांधलेली आहेत, ती हलूच शकत नाहीत. कंस शून्य! उरलेल्या इंटिग्रलमधून वक्राचं समीकरण सरळ समोर आलं.

ऑयलरने ही पद्धत मनापासून उचलून धरली. आज प्रकाशाची वाट, लंबकाचं आंदोलन, ग्रहांची गती, सगळ्यांची समीकरणं याच वाटेने काढता येतात. आणि टोक मोकळं सोडलं तर? तर कंस आपोआप शून्य होत नाही, आणि तो शून्य व्हायला हवा ही अटच निसर्गाचा एक नियम म्हणून पुढे येते. ताणलेल्या तारेचं एक टोक गुळगुळीत उभ्या दांड्यावर वरखाली सरकायला मोकळं ठेवलं, तर त्या टोकाशी तारेला दांड्याशी काटकोनात राहावं लागतं. ही अट वेगळी घालावी लागत नाही, कंसच ती सांगतो.

पायचा निकाल

पाय कोणत्याही दोन पूर्ण संख्यांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येत नाही, हे अठराव्या शतकात योहान लाम्बर्टने सिद्ध केलं. त्याची वाट लांब होती. १९४७ मध्ये आयव्हन निव्हन या गणितज्ञाने एका पानात मावणारी सिद्धता दिली, आणि तिचा कणा आहे बाय पार्ट्स.

समजा पाय = म/ल, दोन्ही पूर्ण संख्या. एक बहुपदी घ्या: क्ष चा न घात, गुणिले (म − ल·क्ष) चा न घात, भागिले न!. ही ० पाशी शून्य, आणि म/ल म्हणजे पाय मानल्यामुळे पाय पाशीही शून्य. तिला साइनने गुणा आणि ० ते पाय इंटिग्रल घ्या. बाय पार्ट्स पुन्हा पुन्हा लावत जा. दर वेळी बहुपदीचा एक डेरिव्हेटिव्ह होतो आणि साइन-कोसाइन आलटून पालटून येतात. बहुपदी कधीतरी संपणारच, म्हणून शेवटचं इंटिग्रलही संपतं. अख्खं उत्तर कंसांत, फक्त दोन टोकांपाशी येऊन राहतं. तिथे साइन शून्य आणि कोसाइन १ किंवा −१. बहुपदीचे सुरुवातीचे डेरिव्हेटिव्ह टोकांपाशी शून्य असतात, पुढच्यांमध्ये छेदातला न! कटून जातो. म्हणून टोकांवरची प्रत्येक किंमत पूर्ण संख्या, आणि अख्ख्या इंटिग्रलचं उत्तरही पूर्ण संख्या.

आता आत पाहा. ० आणि पायच्या दरम्यान ही बहुपदी धन, साइनही धन, म्हणून इंटिग्रल शून्याहून मोठं. पण न वाढवत नेला की छेदातला न! अंशाला मागे टाकतो आणि इंटिग्रल हवं तितकं लहान होतं, १ हूनही लहान. शून्याहून मोठी आणि एकाहून लहान अशी पूर्ण संख्या हवी आहे, आणि तशी संख्या नाही. म्हणून म आणि ल नाहीत. पायच्या दशांश चिन्हापुढचे कोट्यवधी आकडे तपासूनही हा निकाल लागला नसता. तो लागला दोन टोकांपाशी कंसाची किंमत काढून.

म्हणून पुढच्या वेळी डेफिनिट इंटिग्रल समोर आलं की चौकोनी कंस लिहिल्याबरोबर त्याच्या दोन्ही लिमिट्स लिहा. दोन्ही ठिकाणी किंमत काढा. किंमत सरळ मिळत नसेल तर लिमिट घ्या. वाटेत उडी आहे का पाहा. फ मध्ये कोणती संख्या मिळवली तर पुढचं इंटिग्रल सोपं होईल, याचा क्षणभर विचार करा. आणि हे वाचून हात शिवशिवत असतील तर लॉग (१ + क्ष) घ्या, ० ते १. १ चं इंटिग्रल क्ष + १ धरा. २·लॉग २ − १ हे उत्तर दोन ओळींत येईल. त्यानंतर तेच गणित १ चं इंटिग्रल नुसतं क्ष धरून करा, आणि कंसातून किती कमी झालं व इंटिग्रलमधून किती वाढलं, ते दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा.